दोन लाकडे, एक रंग

परभणी जिल्ह्यात गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या काठापासून फार दूर नसलेल्या एका गावी माझे आजोळ. तेथील घर जुन्या मराठवाडी पद्धतीचे होते: पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, वर कडीपाट, त्यावर मातीचे माळवद, दाराशी ढाळज, आत चौक, आणि चौकाकडे तोंड करून उभी असलेली सहा सागवानी खांबांची ओसरी. लहानपणी सुटीत गेलो म्हणजे ह्या खांबांभोवती आम्ही मुले खेळत असू. ते खांब लाकडाचे आहेत आणि लाकडाला काही एक रंग असतो, हा विचार तेव्हा मनात येण्याचे कारणच नव्हते. घराला जसा घराचा वास, तसा खांबांना खांबांचा रंग; एवढेच.

१९९८ साली ह्या सहांपैकी एक खांब वाळवीने आतून पोकळ केल्याचे आढळून आले. सागाच्या गाभ्यास वाळवी सहसा शिवत नाही. परंतु ह्या खांबाची एक बाजू गाभ्याची नसून बाहेरच्या कोवळ्या, फिकट लाकडाची होती आणि वर माळवदही कित्येक पावसाळे गळत होते. खांब बदलणे भाग पडले. तेवढ्या घेराचा जुना साग मिळेना. मिळाला तो परवडेना. शेतात मात्र एक जुनी, सरळ वाढलेली बाभूळ होती. मामांनी ती तोडवून सावलीत वाळविली आणि गावच्या सुतारांना बोलाविले. सुतार वयाने साठीला टेकलेले. घराणे बलुतेदारीपासून गावाची तिफण, वखर आणि बैलगाडीची चाके करीत आलेले. पण तरुणपणी हैदराबादेस फर्निचरच्या कारखान्यात काही वर्षे काढल्यामुळे पॉलिशचे कामही त्यांस अवगत होते. मामांची अट एकच होती: सहांत एक परका दिसता कामा नये. त्यावर सुतारांनी जे उत्तर दिले ते मला आजही आठवते. ते म्हणाले, “मालक, आज सारखा करून देतो. उद्याचं मी लिहून देणार नाही.”

इतिहास शिकविणाऱ्या माणसाच्या कानाला हे वाक्य लागून राहावे यात नवल नाही. एका लाकडाला दुसऱ्याचा रंग द्यावयाचा, हा उद्योग मनुष्याने केव्हापासून आरंभिला, कशासाठी आरंभिला, आणि त्यात त्यास यश किती आले, असा शोध मी त्या दिवसापासून जमेल तसा घेत आलो आहे. त्या शोधातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

निरनिराळी लाकडे एकत्र आणण्याचा विचार आपल्याकडे पुरातन आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत शय्या आणि आसने यांच्या लक्षणांसाठी एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. पलंगास कोणती झाडे योग्य, हे सांगताना त्याने चंदन, देवदार, साल यांच्या पंक्तीस शाक म्हणजे आपला साग आणि शिंशपा म्हणजे आपला शिसव यांसही बसविले आहे. पुढे तो एक मोठा मौजेचा हिशेब मांडतो. एकाच झाडाच्या लाकडाचा पलंग चांगला. दोन झाडांचा त्याहून चांगला. तिहींचा संततीची वृद्धी करणारा. चोहोंचा धन आणि कीर्ती देणारा. पण पाचव्या झाडाचे लाकूड आले की त्यावर निजणारा पंचत्व पावतो, आणि सहा, सात, आठ झाली तर कुळाचाच नाश! आजच्या दिवाणात चौकट एका लाकडाची, तळाला दुसऱ्याचे प्लायवुड, दर्शनी भागाला तिसऱ्याचा पातळ पापुद्रा आणि पाठीला भुशाचा दाबलेला तक्ता असतो, हे वराहमिहिरास कळते तर त्याने कोणते फळ सांगितले असते, याची कल्पनाच केलेली बरी. फलादेश बाजूस ठेवला तरी त्याच्या मांडणीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. लाकडे एकत्र करावी, पण त्यांनी एकमेकांसारखे दिसावे असे तो म्हणत नाही. साग साग म्हणून आणि शिसव शिसव म्हणून शेजारी बसतात. मिश्रण उघड आहे.

आपल्या जुन्या इमारतींत तर हा प्रश्न बहुधा उद्भवतच नसे. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला ज्या लाकडी कमानी आहेत त्या सागाच्या आहेत, आणि सुमारे दोन हजार वर्षे त्या जागच्या जागी आहेत. शनिवारवाड्याच्या बांधणीस १७३० साली आरंभ झाला व १७३२ साली वास्तुशांती झाली; त्यासाठी साग जुन्नरच्या जंगलातून आणला असे सांगतात. १८२८ सालच्या आगीत वाडा कित्येक दिवस जळत राहिला, यावरूनच त्यात लाकूड किती असेल याचा अंदाज येतो. सह्याद्रीच्या बाजूस साग विपुल, म्हणून वाडे सागाचे. आमच्या बाजूस जवळचा साग म्हणजे किनवट आणि निर्मळ यांकडील जंगलांचा. हा सारा मुलूख तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. किनवट तालुका तर १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत असे. घर बांधताना एकदाच काय ते लाकूड यावयाचे आणि ते एका जातीचे यावयाचे. जेथे सागाची ऐपत नाही तेथे लिंब किंवा बाभूळ. पण ती मग साऱ्या घरालाच.

दुसरे असे की जुन्या घराचा रंग हा कोणी दिलेला रंग नसे. तो साठत आलेला रंग असे. चुलीचा धूर, समईची काजळी, दिवाळीच्या आधी जवसाच्या किंवा करडईच्या तेलाचा हात, आणि येता-जाता खांबास टेकणाऱ्या माणसांची पाठ, ह्या सर्वांनी मिळून तो केलेला असे. ह्या दोन्ही तेलांचा एक गुण असा की ती नुसती मुरत नाहीत. हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होतात आणि लाकडावर पिवळसर तांबूस असा कठीण थर धरतात. करडई हे तर आमच्या जिल्ह्याचे पीक. तिच्या पाकळ्यांचा कुसुंबी रंग एके काळी कापडास देत असत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिच्या एका वाणास ‘परभणी कुसुम’ असे नाव दिले आहे. अशा घरात एखादी तुळई बदलली तरी दहा-वीस वर्षांत धूर आणि तेल तिला बाकीच्यांच्या रंगात ओढून घेत. जुळणी होत असे; पण ती करणारा काळ होता, आणि त्यास घाई नव्हती.

जेथे लाकूड झाकूनच टाकावयाचे असते, तेथेही हा प्रश्न नाही. सावंतवाडीची लाखकामाची फळे, किंवा गोदावरीपलीकडील निर्मळची खेळणी पाहावी. तेथे हलके, मऊ, फिकट लाकूड मुद्दाम निवडतात. कारण ते कोरण्यास सोपे आणि वजनास कमी. वरचा रंग इतका घट्ट असतो की खाली कोणते झाड आहे हे विचारण्याचे कारण उरत नाही. लाकडी आंबा आंब्यासारखा दिसावा, ही अपेक्षा. तो सागासारखा दिसावा ही नव्हे. खरी अडचण तेथेच सुरू होते, जेथे लाकडाचे रेषाजाल दिसू द्यावयाचे आहे आणि रंग मात्र दुसऱ्याचा हवा आहे.

ही हौस विशेषेकरून युरोपात वाढली. इटलीत लाकडाचे रंगीत तुकडे बसवून चित्रे करण्याची कला पंधराव्या शतकात भरास आली. व्हेरोनाचा फ्रा जिओव्हानी हा संन्यासी रंग उकळवून त्यात लाकूड मुरवीत असे व त्यायोगे नाना छटा साधीत असे, अशी नोंद चित्रकारांचा चरित्रकार व्हासारी याने केली आहे. पुढे सतराव्या शतकात फ्रान्समध्ये काळ्याभोर एबनी लाकडाला इतका मान आला की उत्तम सामान करणाऱ्या कारागिराला त्या लाकडावरून ‘एबनिस्त’ हेच नाव पडले. एबनी दूर देशाहून येई व महाग पडे. म्हणून नासपतीचे लाकूड काळे करून त्याच्या जागी वापरू लागले. इंग्लंडात १७२१ साली वसाहतींतील लाकडावरील जकात उठली आणि जमेकाच्या महॉगनीची लाट आली. महॉगनीचे मेज ज्याच्या घरी नाही तो सभ्य गृहस्थ नव्हे, अशी समजूत झाली. आणि मग साध्या लाकडास रतनजोतीने लाल केलेले जवसाचे तेल चोळून, पुढे बायक्रोमेटसारखी क्षारद्रव्ये लावून, महॉगनीच्या पंक्तीस बसविण्याचा धंदा वाढला. जेथे एका लाकडास मान येतो, तेथे दुसऱ्यास त्याचे सोंग घ्यावे लागते, हा ह्या इतिहासाचा सारांश होय.

हिंदुस्थानात ह्या लाटेचे पाणी मुंबईस आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिसवीचे कोरीव सामान हा मुंबईचा एक नामांकित व्यापार होता. घडण साहेबी, नक्षी देशी, आणि रंग काळसर जांभळा. साहेबी मेज-खुर्च्या छावण्यांतून आणि कचेऱ्यांतून मुलुखभर पसरल्या. आमच्या बाजूस हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी १९०३ सालापर्यंत होती. मनमाड-सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० सालच्या सुमारास खुला झाला, आणि परभणी व पूर्णा ही स्थानके बाहेरच्या बाजारांशी जोडली गेली. आता लाकूड बैलगाडीने एका जंगलातून येण्याऐवजी वाघिणीने दहा ठिकाणांहून येऊ लागले. मध्यप्रांताचा साग, ब्रह्मदेशाचा साग, मलबारचा शिसव, असे निरनिराळ्या मातीत वाढलेले माल एकाच वखारीत शेजारी उभे राहिले. एकाच घरात एका झाडाचे लाकूड असण्याचे दिवस येथे संपले, आणि रंग जुळविण्याचे दिवस सुरू झाले.

ह्या कामी जे साधन सर्वांत उपयोगी पडले, त्याची कथा मोठी उद्बोधक आहे. त्याला आपण फ्रेंच पॉलिश म्हणतो. कापडाच्या बोळ्याने लाखेचे पातळ थर एकावर एक चोळीत जाण्याची ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात रूढ झाली. पण तिच्यातील लाख कोठची? पळस, बोर, कुसुम ह्या आपल्याच झाडांवर पोसणाऱ्या किड्याची. ती कलकत्त्यास गोळा व्हावी, चपड्याच्या रूपाने विलायतेस जावी, आणि तेथून ‘फ्रेंच’ हे नाव धारण करून आपल्याच घरी पाहुणी म्हणून यावी! त्याच किड्यापासून निघणारा लाल रंगही कंपनी सरकारच्या काळी विलायतेस जात असे. तो व्यापार मात्र रसायनशास्त्राने बुडविला. १८५६ साली विल्यम पर्किन ह्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने क्विनीन करावयास जाऊन डांबरापासून जांभळा रंग काढला, आणि पुढील काही दशकांत पतंग, कात, हळद, लाख ह्या सर्व वनस्पतिज व प्राणिज रंगांची सद्दी उतरू लागली. सुताराच्या हाती आता पुडीतले रंग आले. पूर्वी जो रंग उकळून, गाळून, मुरवून दोन दिवसांत सिद्ध होई, तो चिमूटभर पूड स्पिरीटमध्ये टाकताच तयार झाला.

तथापि पुडी आली म्हणून प्रश्न सुटला नाही. आणि येथे मला पुन्हा आमच्या सुतारांकडे वळले पाहिजे. त्यांनी प्रथम सागाच्या एका जुन्या ढलपीवर रंग लावून पाहिला. तो हुबेहूब जमला. तोच रंग त्यांनी बाभळीच्या खांबावर एका हातभर जागेत लावला, तो तेथे विटेसारखी लाली उमटली. मला वाटले, रंग चुकला. ते म्हणाले, रंग तोच आहे, लाकूड तेच नाही. ह्यात सारे शास्त्र आले. पारदर्शक रंग हा लाकडाच्या स्वतःच्या रंगावर चढतो, त्यास पुसून टाकीत नाही. पिवळसर सागावर जो तपकिरी दिसतो, तो तांबूस बाभळीवर तांबडा होणारच. शिवाय सागात दरवर्षीच्या वाढीबरोबर मोठ्या छिद्रांची रांग पडते. त्या रांगांत रंग अधिक साचून रेषा गडद होतात. बाभळीची छिद्रे सर्वत्र विखुरलेली असल्याने तिच्यावर रंग सपाट बसतो. सागाच्या अंगी तेलकटपणा आहे, तो रंगास फार आत जाऊ देत नाही. आंब्याच्या लाकडाचे शोषण कोठे जास्त, कोठे कमी, म्हणून त्यावर डाग पडल्यासारखे दिसते. एकाच डब्यातील रंग दोन लाकडांवर दोन होतो. म्हणून दोन लाकडांवर एक रंग हवा असेल तर डबे दोन पाहिजेत.

मग त्यांनी बाभळीची लाली आधी मारली. हिरड्याचा काढा करून तो खांबास पाजला. वाळल्यावर हिराकसाचे अगदी पातळ पाणी फिरविले. हिरड्यातील तुरट द्रव्याचा लोहाशी संयोग झाला की काळी शाई होते, हे जुन्या वह्या पाहिलेल्यांस ठाऊक आहे. त्याच शाईची अत्यंत सौम्य छटा लाकडाच्या आतच उत्पन्न झाली आणि लाली करड्या तपकिरीत बुडाली. युरोपात ओकाचे लाकूड अमोनियाच्या वाफेत कोंडून काळसर करतात, तेथेही काम करते ते लाकडातील हेच तुरट द्रव्य. त्यानंतर सुतारांनी पिवडी आणि थोडी काजळी सरसाच्या पाण्यात कालवून सागाच्या रेषांचा आभास होईल अशा बेताने पुसली. वर चपडा लाखेचे आठ-दहा हात दिले. आणि शेवटी जवसाचे तेल. ह्या सर्वास बारा दिवस लागले. प्रत्येक हातानंतर ते खांबापासून दूर, चौकाच्या पलीकडे जाऊन बसत आणि विडी ओढीत नुसते पाहत. सकाळी पाहत, दुपारी पाहत, आणि रात्री दिव्याच्या उजेडात पुन्हा पाहत.

हे पाहणे व्यर्थ नव्हते. दोन रंग उन्हात सारखे आणि दिव्यात वेगळे दिसू शकतात. कारण प्रत्येक उजेडात निरनिराळ्या किरणांचे प्रमाण निराळे असते आणि निरनिराळी द्रव्ये ते निराळ्या रीतीने परत करतात. दुकानात जुळलेले कापड घरी आल्यावर विजोड निघते, त्याचे कारण हेच. पॅरिसजवळील नव्हे, तर खुद्द पॅरिसमधील गोबेलँ येथील सरकारी विणकामशाळेच्या रंगखात्याचा प्रमुख शेव्र्हल हा रसायनज्ञ होता. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्याच्याकडे आली असता, दोष रंगात नसून शेजारच्या रंगात आहे, असे त्याने शोधून काढले आणि १८३९ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. शेजार रंगास बदलतो. एकटा उभा असता जो खांब निर्दोष वाटेल, तो पाचांच्या ओळीत उभा राहिला की त्याचे वेगळेपण दुप्पट होते. आमच्या सुतारांनी शेव्र्हलचे नाव ऐकले नव्हते. पण चौकापलीकडे जाऊन बसण्याचे कारण त्यांस पक्के ठाऊक होते.

काम पुरे झाले तेव्हा मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि नवा खांब कोणता ते त्यांस सांगता आले नाही. मामा संतुष्ट झाले. मीही सुतारांची मनापासून तारीफ केली. त्यांनी तिचा स्वीकार केला आणि जाण्यापूर्वी खांबाच्या भिंतीकडील बाजूस, कोणाच्या सहज नजरेस पडणार नाही अशा जागी, पटाशीने १९९८ हा आकडा कोरला. तो का कोरला हे तेव्हा मी विचारले नाही.

आता ह्या साऱ्या उद्योगाविषयी जो मुख्य आक्षेप आहे, त्याचा विचार केला पाहिजे. जॉन रस्किन याने १८४९ साली वास्तुकलेच्या सात दीपांवर ग्रंथ लिहिला. त्यातील सत्याच्या दीपाखाली त्याने एका पदार्थावर दुसऱ्या पदार्थाचा रंग चढविण्यास उघड असत्याच्या पंक्तीत बसविले आहे. आमच्या पिढीतील इंग्रजी शिकलेल्या मंडळींवर रस्किनचा पगडा मोठा; पहिल्या वाचनात मलाही हे शब्द निर्विवाद वाटले होते. पण त्याच प्रकरणात त्याने एक सूक्ष्म भेद केला आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. इमारतीवरील सोन्याचा मुलामा हे असत्य नव्हे, असे तो म्हणतो. कारण तेथे ते भरीव सोने आहे असे कोणी मानीत नाही. तोच मुलामा दागिन्यावर असत्य होतो. कारण तेथे पाहणारा सोने समजूनच पाहतो. म्हणजे असत्य मुलाम्यात नाही. ते पाहणाऱ्याची जी समजूत करून दिली जाते तिच्यात आहे.

जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचा विचार करणाऱ्यांनीही ह्याच प्रश्नाशी झुंज घेतली आहे. आपल्याकडे १९०४ साली प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला आणि १९२३ साली जॉन मार्शल याने पुराणवस्तू खात्यासाठी दुरुस्तीचे नियम ग्रंथरूपाने बांधून दिले. त्यांचा रोख जुने आहे ते राखण्यावर होता, नवे जुन्यासारखे करण्यावर नव्हता. १९६४ सालच्या व्हेनिसच्या सनदेने सांगितले की नव्याने बसविलेला भाग एकंदर वास्तूशी सुसंवादी असावा, पण मूळ भागाहून वेगळा ओळखूही यावा. आपली जीर्णोद्धाराची परंपरा ह्याहून थोडी निराळी आहे. तीत वास्तू जिवंत मानली जाते, आणि परंपरेने शिकलेल्या कारागिराने तिचा झिजलेला अवयव पुन्हा घडविणे हे गौण समजले जात नाही. २००४ साली ‘इंटॅक’ ह्या संस्थेने आपल्या सनदेत ह्या दृष्टीस मान्यता दिली आहे. औंढा नागनाथाचे देऊळ १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते. त्याचा खालचा भाग यादवकालीन कोरीव दगडाचा, आणि वरचा भाग नंतरच्या काळात वेगळ्याच घडणीने उभारलेला. दोहोंतील भेद अंगणात पाऊल ठेवताच दिसतो. तो लपविण्याचा प्रयत्न कोणी केला नाही आणि त्यावाचून कोणा भाविकाचे अडलेही नाही. तेव्हा वेगळेपण दिसू देणे हाही एक मार्ग आहे, आणि मिसळून टाकणे हाही एक मार्ग आहे. दोहोंत प्रामाणिक कोणता, हे मार्गावरून ठरत नाही.

ते कशावरून ठरते, हे मला २०१६ साली कळले. मामा-मामी तोवर निवर्तले होते. माळवद राहण्याजोगे उरले नव्हते. मामेभावाने वाडा उतरवून पक्के घर बांधण्याचे ठरविले होते. जुन्या वाड्यांचे खांब, चौकटी आणि कडीपाट विकत घेऊन हॉटेलांस पुरविणारे व्यापारी अलीकडे मराठवाड्यात खेडोपाडी फिरतात. त्यांतील एक आला. त्याला सहा खांबांची पूर्ण ओळ पाहिजे होती. एव्हाना अठरा वर्षांत सुतारांचे भाकीत खरे ठरले होते. उन्हाने साग हळूहळू एकसारखा, मऊ तपकिरी होत गेला होता. बाभळीच्या चौकाकडील अंगावरची लाख मात्र झिजली होती, काजळी-पिवडी पुसट झाली होती आणि आतली लाली पुन्हा वर आली होती. प्रत्येक लाकूड आपल्या स्वभावाप्रमाणे वयात येते. नवा साग उजेडाने निवळतो, शिसव तीव्र उन्हात उलट फिका पडतो, आणि वरून दिलेला रंग आपल्या तिसऱ्याच गतीने उतरतो. म्हणून आज जुळलेल्या दोन लाकडांची पुढे फारकत होणे हेच स्वाभाविक. व्यापाऱ्याने खांबावरून अंगठा फिरविला आणि क्षणात सांगितले, “हा बाभळीचा.”

पण तो तेथेच थांबला नाही. तो म्हणाला की ह्यावर पुन्हा एकदा हात फिरवून घ्या; सहाही जुने सागवान म्हणून जातील, आणि ओळ पूर्ण असल्याने भाव दीडपट मिळेल. मामेभावाच्या मुलीच्या शिक्षणाची फी त्या वर्षी भरावयाची होती. ती रक्कम त्याला क्षुल्लक नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिले. मी काय सांगणार होतो? त्याच खांबाच्या जुळणीची सर्वांपुढे स्तुती केलेला मी! तेव्हा जे उत्तम काम होते ते आता वाईट का व्हावे, ह्याचे उत्तर मला लगेच सुचले नाही. शेवटी सुतारांच्या मुलास बोलावणे गेले. तो आला, खांबाच्या मागे वळला, आणि भिंतीकडील बाजूचा आकडा बोटाने दाखवून म्हणाला, “दादा, रंग मी देतो. पण बाबांनी साल घातलंय, ते मी तासणार नाही.”

माझा गोंधळ तेथे सुटला. १९९८ साली जुळणी ज्यांच्यासाठी केली, त्या मामांना, मामींना, घरच्या लेकरांना आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गावकऱ्यांना खांब बाभळीचा आहे हे ठाऊक होते; बाभूळ तोडताना सारा गाव हजर होता. त्यांनी डोळ्यांना सुख व्हावे म्हणून सारखेपणा मागितला होता, समजूत चुकावी म्हणून नव्हे. २०१६ साली तोच रंग, त्याच हिरड्या-हिराकसाने, अशा एका माणसासाठी चढवावयाचा होता, ज्याला खरे सांगितले जाणार नव्हते आणि जो न सांगितल्यामुळेच अधिक पैसे देणार होता. रंग एक, लाकूड एक, कारागिरी एक. आणि तरी एक घरकाम आणि दुसरी लबाडी. भिंतीकडे कोरलेला तो आकडा व्हेनिसच्या सनदेतील कलम वाचून कोरलेला नव्हता, पण त्याचे काम तेच होते. ज्याला पाहावयाचे असेल त्याच्यासाठी खरे तेथे ठेवलेले होते.

परभणीच्या बाजारात आज ‘वॉलनट’, ‘महॉगनी’, ‘रोझवुड’ अशा नावांचे रंगाचे डबे सहज मिळतात. अक्रोडाचे झाड ज्याने कधी पाहिले नाही तोही घरातले कपाट अक्रोडी करून घेतो. ह्यात गैर काही नाही. जंगले विरळ झाली, साग दुर्मीळ झाला. हलक्या, लवकर वाढणाऱ्या लाकडास चांगला रंग देऊन वापरणे हे आता शहाणपणाचेच आहे, आणि त्याने एखादे जुने झाड वाचत असेल तर पुण्याचेही. फक्त विकणाऱ्याने पावतीवर झाडाचे नाव लिहावे आणि घेणाऱ्याने ते विचारावे. रंगाला खोटे बोलता येत नाही. त्याच्या वतीने आपण बोलतो.

मामेभावाने पाच खांब विकले. ओळ अपुरी म्हणून भाव कमीच आला आणि फीची उरलेली रक्कम त्याने दुसरीकडून उभी केली. सहावा खांब नव्या घराच्या मागे, गोठ्याच्या पत्र्याखाली आधाराला उभा आहे. गेल्या दिवाळीत मी गेलो होतो. लाखेचा अंशही आता त्यावर राहिलेला नाही. तो सरळसरळ बाभळीच्या रंगाचा झाला आहे, म्हशींच्या पाठी लागून कमरेएवढ्या उंचीपर्यंत गुळगुळीत झाला आहे, आणि आकडा अजून वाचता येतो.